देसूरच्या शिवारात भेटलेल्या मामांना

मामा, नमस्कार.

जानेवारीतल्या त्या रविवारी तुमचं नाव विचारायचं राहिलं, म्हणून हे असं उघड पत्र. नातवंडांपैकी कुणी वाचून दाखवलं तर बरं.

देसूरला उतरून आम्ही मायलेकी राजहंसगडाकडे निघालो होतो. मी बेळगावच्या शहापूरची. येळ्ळूर रस्त्यावरून गड बघत मोठी झाले, पण पायी कधी गेले नव्हते. 2023 मध्ये वर शिवरायांचा पुतळा उभा राहिला, गाड्याही थेट वर जातात. आम्हाला मात्र शिवारातून जायची हौस. पाऊण तासात वाट चुकलो, त्यात लेकीच्या बुटाचा तळ सुटून लोंबायला लागला.

"गडाला चाललासा? मग हिकडं कशाला आलासा ओ?" गवतगंजीवरून तुमचा आवाज आला. खाली उतरलात, बूट मागून घेतलात आणि पोती शिवायच्या दाभणानं, सुतळीनं सात-आठ टाके घातलेत. तोवर लेक पोत्यावर एका पायावर उभी. शेवटची गाठ तुम्ही दातानं आवळलीत, तेव्हा तिनं माझ्याकडे बघून डोळे मोठे केले. पैशाचं नाव काढलं तर तुम्ही ऐकूच आलं नाही असं केलंत.

मग हातातलं काम टाकून बांधाबांधानं आमच्या पुढे चाललात. भात काढल्यावर त्याच रानात मसूर, वाटाणा उभा होता. पाणी कुठून देता, असं मी विचारलं. "पाणी कशाला? जमिनीची ओल हाय, रात्री दहिवर पडतंय. तेवढं बास." बाजारात गावठी मसुरीचा भाव ऐकून पाय काढता घेणारी मी, गप्पच बसले. लेकीच्या ओंजळीत तुम्ही हरभऱ्याचा डहाळा दिलात, तो तिनं माळ चढेपर्यंत पुरवून खाल्ला.

माळावर ऊन नुसतं लखलखत होतं. वाळलेलं गवत, चार म्हशी, सावलीला एक झाड नाही. गडावर सिद्धेश्वराला हात जोडले, पाणी प्यालो आणि तटावरून तुमची गवतगंजी शोधत बसलो. वरून सगळ्या सारख्याच दिसतात, मामा.

तळ घरापर्यंत टिकला. आणि माळाच्या तोंडाशी काटं बाजूला करून जावा, मागं परत लावा, असं बजावलं होतंत ना? लावलं. लेकीनं परत जाऊन एकदा ओढून बघितलं. म्हशी मसुरीत शिरल्या असतील, तर त्या आमच्यामुळं नव्हेत.

तुमची,
बूटवालीची आई