काचेचा टीपॉट घेतानाच धुण्याचं बघा

माननीय संपादक,

स. न. वि. वि.

आपल्या पुरवणीत काचेच्या टीपॉटविषयीचा लेख वाचला. छायाचित्रं सुरेख होती. पण कोणता टीपॉट टेबलावर कसा शोभेल, एवढं सांगून लेख संपला. काच कोणती आहे, आतली गाळणी निघते का, तोटीत ब्रश जातो का, याबद्दल त्यात एक ओळ नव्हती. माझी सगळी नोकरी रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत काचसामान सांभाळण्यात गेली, म्हणून हे लिहिल्यावाचून राहवलं नाही.

ज्या भांड्यात रोज पानं भिजणार आणि रोज राप चढणार, ते विकत घेतानाच ‘हे धुणार कसं’ असं विचारून घ्यावं. बाकी सगळं त्यानंतर.

आधी काच. प्रयोगशाळेतली चंचुपात्रं बोरोसिलिकेट काचेची असतात आणि उकळत्या पाण्याच्या टीपॉटलाही तीच योग्य. खोक्यावर ‘बोरोसिलिकेट ३.३’ असं छापलेलं दिसलं, तर तो आकडा तापल्यावर काच किती प्रसरण पावते त्याचा आहे. साध्या सोडा-लाइम काचेचा हाच आकडा ९ च्या आसपास असतो, म्हणजे जवळजवळ तिप्पट. उकळतं पाणी ओतलं की काचेची आतली बाजू लगेच तापते, बाहेरची अजून गारच असते, आणि या ओढाताणीत तडा जातो. काच उष्णता हळू पुढे नेते, त्यामुळे ती जितकी जाड तितकी ही ओढाताण जास्त. हातात घेऊन ‘छान जड आहे’ म्हणणाऱ्यांनी हे जरूर लक्षात घ्यावं. मी तर भांडं उजेडासमोर आडवं धरून सावकाश फिरवते. तोटी आणि कान जिथे जोडलेले असतात तिथे बुडबुडा किंवा केसासारखी रेघ दिसली, तर ते परत ठेवायचं.

आता गाळणी. खरी गोम इथेच आहे. काही टीपॉटमध्ये तोटीच्या तोंडाशी तारेची जाळी पक्की बसवलेली असते. असा एक आमच्या घरी भेट म्हणून आला होता. पानांचा चुरा त्या जाळीच्या मागे जाऊन बसायचा, तिथे बोट पोचत नव्हतं आणि ब्रशही पोचत नव्हता. शेवटी जाळी काळी पडली, वास यायला लागला आणि चांगली धडधाकट काच वापरातून गेली. तेव्हा गाळणी वरून उचलून पूर्ण बाहेर निघणारी हवी. ती रुंद हवी, कारण पानं भिजून फुलतात आणि अरुंद नळीत एकमेकांना दाबून बसतात. तिचा तळही टीपॉटच्या तळाजवळ पोचला पाहिजे. नाहीतर एकट्यापुरता चहा करायला अर्धाच टीपॉट भरला, तर पानं पाण्याच्या वर कोरडी लटकतात.

आणखी एक गोष्ट दुकानातच करून बघावी. गाळणी काढून नुसतं झाकण टीपॉटवर ठेवायचं. बऱ्याच टीपॉटचं झाकण फक्त गाळणीच्या कडेवर बसतं, गाळणी काढली की ते आत पडतं. मग माणूस गाळणी आतच ठेवतो, पानं मुरत राहतात आणि दुसरा कप कडू होतो. टीपॉटचं तोंड हात आत जाईल इतकं रुंद असावं. काचेवर धातूचं कडं चिकटवलेलं असेल तर टाळावं, त्या फटीत पाणी साचून राहतं.

चहाच्या त्या तपकिरी थराचंही शास्त्र आहे. १९९३ साली लंडनच्या इम्पीरियल कॉलेजमधल्या स्पायरो आणि जगान्यी या रसायनशास्त्रज्ञांनी ‘नेचर’ या विज्ञानपत्रिकेत चहावर धरणाऱ्या तपकिरी तवंगाविषयी लिहिलं होतं. पाण्यात कॅल्शियम आणि बायकार्बोनेट असेल तरच तो धरतो, आणि चहात आम्ल घातलं की कमी होतो. म्हणूनच जड, म्हणजे क्षार जास्त असलेल्या पाण्यात राप लवकर चढतो आणि नुसत्या साबणाला दाद देत नाही. त्यावर लिंबूसत्त्व चांगलं. अर्धा लिटर कोमट पाण्यात चमचाभर विरघळवून अर्धा तास ठेवावं. तरी डाग राहिलाच तर टीपॉट धुऊन मग ओल्या मऊ फडक्यावर खाण्याचा सोडा घेऊन पुसावं. दोन्ही एकत्र मात्र करू नये. फेस भरपूर येतो, पण आम्ल आणि सोडा एकमेकांना मारतात आणि डाग आहे तिथेच राहतो.

स्टीलच्या जाळीला सोडियम परकार्बोनेट, म्हणजे डाग काढायची क्लोरीन नसलेली पांढरी पूड, लागू पडतं. ते गरम पाण्यात घातलं की हायड्रोजन पेरॉक्साइड सुटतो आणि राप फिका पडतो. नंतर जाळी नळाखाली उलटी धरावी, बाहेरून आत पाणी गेलं की अडकलेले कण निघतात. टाचणीने टोकरू नये, छिद्रं मोठी होतात. क्लोरीनचं ब्लीच स्टीलला खड्डे पाडतं, आणि त्यात लिंबूसत्त्व किंवा व्हिनेगर मिसळलं गेलं तर विषारी क्लोरीन वायू सुटतो. ते या कामापासून लांबच ठेवावं. तारेची घासणीही नको. काचेवर उठलेला ओरखडा म्हणजे पुढच्या तड्याची जागा. बाटलीच्या ब्रशच्या टोकाला उघडी तार नाही ना, तेही बघून घ्यावं.

खरं तर हे सगळं क्वचितच करावं लागतं. चहा ओतून झाला की लगेच चोथा काढून, भांडं जरा निवल्यावर कोमट पाण्याने विसळलं तर थर वाळत नाही. गरम टीपॉट गार नळाखाली धरायचा नाही, मग काच कोणतीही असो.

उत्पादकांना आपल्या वृत्तपत्रातून दोन विनंत्या आहेत. खोक्यावर नुसतं ‘उष्णतारोधक’ न छापता काचेचा प्रकार छापावा. आणि गाळणी व झाकण सुटं विकावं. गाळणी फुटली म्हणून अख्खा टीपॉट टाकून द्यावा लागणं योग्य नाही. पुरवणीत यापुढे अशा वस्तूंवर लिहिताना सुटे भाग मिळतात की नाही, ही माहिती आपण द्याल तर वाचकांची मोठी सोय होईल.

आपली,
एक निवृत्त प्रयोगशाळा सहायक