ढिशुम-ढिशुम आणि डोकं

कोल्हापूर,
रविवार दुपार

प्रिय मृणू,

तुझा मेसेज वाचून आधी हसले, मग चिडले. “आमचा अर्णव दिवसभर नुसतं ढिशुम-ढिशुम करतो, त्यापेक्षा कोडी सोडवायचे गेम सुचव, डोकं तरी चालेल,” असं लिहिलंस. वर मला टोमणा, “तू अजून तेच खेळतेस ना?” हो, तेच खेळते. याचं उत्तर व्हॉट्सअॅपवर द्यायला गेले तर आपलं भांडण होईल, म्हणून सविस्तर लिहितेय. चहा घेऊन बस.

शूटर, म्हणजे बंदुकीचे गेम, हे हाताचं काम आणि कोडी हे डोक्याचं, ही वाटणी ज्याने केली त्याने दोन्ही धड खेळलेले नसणार. १९९३ सालचा ‘डूम’ घे. तुझ्या दादाच्या कॉम्प्युटरवर आपण तो बघायचो. लाल-तपकिरी भिंती आणि पडद्याच्या तळाशी एक बंदूक, एवढंच तुझ्या लक्षात असेल. त्या गेममध्ये वर-खाली बघताच येत नाही. शत्रू उंच कठड्यावर असला तरी आपण फक्त त्याच्या दिशेला तोंड करायचं, गोळी आपोआप वर जाते. म्हणजे नेमाला फारशी किंमत नाही. खेळ सगळा पायांचा आहे. इम्प नावाचा काटेरी प्राणी आगीचा गोळा फेकतो, पण तो गोळा डोळ्यांना दिसेल इतका सावकाश येतो. जरा बाजूला सरकलं की चुकतो. शॉटगनवाल्या शिपायाची गोळी मात्र सुटते त्याच क्षणी लागते. तिला हुलकावणी देता येत नाही, त्यामुळे त्याच्यापुढे उघड्यावर थांबायचंच नाही. तिसरा तो गुलाबी बैलोबा, तो लांबून काहीच करत नाही, फक्त धावत येऊन चावतो. आता हे तिघे एकाच खोलीत सोड आणि तुझ्याकडे काडतुसं मोजकीच ठेव. आधी कोणाला उडवायचं? पाठ कुठल्या भिंतीला लावायची? आणि खरी गंमत म्हणजे इम्पचा गोळा चुकून शिपायाला लागला, तर शिपाई तुला सोडून इम्पवर उलटतो. हे एकदा कळलं की तू गोळ्या झाडायच्या आधी अशी जागा शोधायला लागतेस, जिथून दोघे एका रेषेत येतील आणि आपापसात मरतील. याला डोकं चालवणं नाही तर काय म्हणायचं?

अर्थात सगळेच शूटर असे नसतात, हेही मान्य करते. मधे काही वर्षं या गेमांनी मला फार वैताग दिला. २००५ च्या ‘कॉल ऑफ ड्यूटी २’ पासून एक रीत पडली: गोळी लागली की भिंतीआड जाऊन बसायचं, पडदा लाल होतो, थोडा दम खाल्ला की आपण ठणठणीत. चूक केली काय, न केली काय, हिशोब पुन्हा शून्यावर. मग नुसतं डोकं बाहेर काढायचं, दोन गोळ्या, परत आत. कासवाने खेळावा तसा खेळ. २०१६ ला ‘डूम’ नव्याने आला तेव्हा त्याने हे बरोबर उलटं केलं. रक्त कमी झालं? मग लपू नकोस, पुढे जा. अर्धमेला शत्रू लुकलुकायला लागतो, त्याला जवळ जाऊन हाताने संपवलं की त्याच्यातून तुझ्यासाठी औषध सांडतं. जीव धोक्यात असताना धोक्याकडेच धावावं लागतं. दर काही सेकंदांनी मनात हिशोब: कोण अर्धमेला आहे, त्याच्यापर्यंत पोचेन का, वाटेत कोण आडवं येईल. मी तो खेळून उठते तेव्हा माझे हात थकलेले नसतात, टाळकं थकलेलं असतं.

काउंटर-स्ट्राइकचं तर विचारूच नकोस. तो मुळात ‘हाफ-लाइफ’ या गेमवर हौशी पोरांनी चढवलेला साज, १९९९ चा. आपल्या कॉलेजसमोरच्या सायबर कॅफेतून जो “फायर इन द होल”चा आवाज यायचा, तोच. त्यातला एक प्रसंग सांगते. एक संघ बॉम्ब लावतो, दुसऱ्याने तो निकामी करायचा. आजच्या आवृत्तीत बॉम्ब लावल्यापासून ४० सेकंदांत फुटतो. निकामी करायला १० सेकंद लागतात, किट विकत घेतलेलं असेल तर ५. समज तू एकटी उरलीस, समोर एकच जण आहे आणि तो कुठल्या कोपऱ्यात दबा धरून बसलाय ते माहीत नाही. बॉम्बच्या टिकटिकीवरून वेळेचा अंदाज घ्यायचा. तू निकामी करायला बसलीस की तसा आवाज होतो, तो त्याला ऐकू जातो. मग तू मुद्दाम बसतेस आणि लगेच सोडतेस. तो फसून बाहेर आला तर तुझा, नाही आला तर तुझी दोन सेकंदं वाया गेली. आणि किट नसताना १० पेक्षा कमी सेकंद उरले असतील, तर बॉम्बचा नाद सोडून पळ काढायचा आणि बंदूक पुढच्या डावासाठी वाचवायची, कारण बंदूक विकत घ्यावी लागते आणि पुढच्या डावात पैसे कमी असणार. यात ट्रिगर दाबणं हा शेवटचा आणि सगळ्यात सोपा भाग आहे.

ऑनलाइन खेळताना मी माइक बंद ठेवते, हे मात्र तुला सांगून ठेवते. बाईचा आवाज ऐकला की समोरच्या पोरांना एकतर लग्न करायचं असतं नाहीतर शिव्या द्यायच्या असतात. नाव लिहिताना मी रेवती लिहीत नाही, ‘मिसळ’ लिहिते. मिसळीला कोणी काही म्हणत नाही. खेळाच्या रचनेबद्दल मी कितीही कौतुकाने बोलले तरी हा भाग घाण आहे, आणि अर्णवला माइक चालू करून देण्याआधी तू एकदा शेजारी बसून ऐक.

‘प्रोजेक्ट आयजीआय’ आठवतो? आपल्याकडे ज्याच्या घरी कॉम्प्युटर होता त्याच्याकडे आयजीआय होताच. २००० साली नॉर्वेतल्या एका कंपनीने केलेला गेम. तिकडे आता कोणाला फारसा आठवत नसेल, आपल्याकडे मात्र आजही नुसतं नाव काढलं की चाळिशीतली माणसं खुलतात. मी त्याच्यावर प्रेमाने टीका करते. मिशनच्या मधे सेव्ह करायची सोयच नव्हती. अर्धा तास लपतछपत गेलात आणि शेवटच्या बुरुजावरच्या शिपायाने टिपलं, की पुन्हा पहिल्या कुंपणापासून. त्यात अलार्म वाजला की बराकीतून माणसं येतच राहायची, जणू आत कारखाना आहे. गेम म्हणून हे कच्चंच. पण त्या कच्चेपणामुळे आपण काय शिकलो बघ: टेकडीवरून दुर्बिणीतून तळ न्याहाळायचा, कॅमेरा कुठे वळतो ते बघायचं, उपग्रहाच्या नकाशावर वाट आखायची आणि मग उतरायचं. बंदूक वाजली म्हणजे बेत फसला, असं समजायचं. माझा भाऊ वहीत नकाशे काढायचा, तुला ठाऊक आहे. त्याच वहीत मागच्या बाजूला त्याची भूमिती असायची आणि भूमितीत त्याला नकाशांइतका रस कधीच नव्हता.

आता कोड्यांकडे येते, आणि इथे तुला आणखी एक धक्का देते. टेट्रिसला मी कोडं मानत नाही. अलेक्सेई पाजित्नोव्हने १९८४ मध्ये मॉस्कोत तो केला तेव्हापासून जग त्याला कोडं म्हणत आलंय, पण कोड्याला उत्तर असतं आणि ते कोणीतरी आधीच आत ठेवलेलं असतं. टेट्रिसला उत्तर नाही. तुकडे येत राहतात, वेग वाढत राहतो आणि शेवटी तू मरतेस. डिसेंबर २०२३ मध्ये अमेरिकेतला एक १३ वर्षांचा मुलगा जुन्या निन्टेन्डोवर १५७ व्या लेव्हलपर्यंत पोचला आणि गेमच गोठला. तोवर कुठल्याच माणसाने त्या मशीनला असं हरवलं नव्हतं. त्या पोराची बोटं बटणांवर कशी नाचतात ते बघ आणि मग सांग, कुठला गेम हाताचा आणि कुठला डोक्याचा. त्यात बंदूक नाही एवढ्यावर आपण त्याला शहाण्या मुलांच्या रांगेत बसवलं.

कँडी क्रश तर मी या चर्चेत घेतच नाही. जीव संपले की अर्धा तास थांबा नाहीतर पैसे काढा. कोड्याचा बुरखा घातलेलं गल्ल्याचं यंत्र. तुझ्या सासूबाईंना सांगू नकोस मी असं म्हटलं ते.

खरं कोडं म्हणजे सोकोबान. जपानमध्ये १९८२ साली आलेला. गोदाम, काही खोकी, खोकी ठेवायच्या ठरलेल्या जागा. खोकं ढकलता येतं, ओढता येत नाही. बस. आता एवढ्या एका नियमातून काय होतं बघ: खोकं कोपऱ्यात गेलं की मेलं, कारण त्याच्या मागे जाऊन उभं राहायला जागाच नाही. कोपरा पहिल्या दिवशी कळतो. भिंतीला चिकटलेलं खोकंही अर्धं मेलेलं असतं, हे दुसऱ्या दिवशी. पण खरी गोची याच्या पुढे आहे. आपण केलेली घोडचूक वीस-पंचवीस पावलांनी उघडकीला येते, तोवर सगळं छान चाललंय असंच वाटत असतं. म्हणून सोकोबानमध्ये सरावलेला माणूस शेवटाकडून उलटा विचार करतो: शेवटचं खोकं आत जाताना मी कुठे उभी असेन?

आणि त्याच सोकोबानच्या पोटी २०१९ मध्ये ‘बाबा इज यू’ जन्मला. आर्वी तेइकारी नावाच्या फिनलंडच्या माणसाने केलेला. तोही ढकलाढकलीचाच खेळ, फक्त इथे नियमच पटावर शब्दांच्या ठोकळ्यांत लिहिलेले असतात. ‘वॉल इज स्टॉप’ असे तीन ठोकळे ओळीत आहेत, म्हणून भिंत अडवते. त्यातला एक ठोकळा बाजूला ढकल, वाक्य मोडलं, आता तू भिंतीतून आरपार जातेस. ‘वॉल इज यू’ जुळवलंस तर पटावरच्या सगळ्या भिंती तूच होतेस आणि बाण दाबला की सगळ्या एकदम चालायला लागतात. एका लेव्हलमध्ये झेंड्यापर्यंत पोचायची वाट मी तासन्तास शोधत होते. रात्री भांडी घासताना डोक्यात आलं, झेंड्यापर्यंत जायचंच कशाला? जिंकायचा शब्द उचलून दुसऱ्याच वस्तूला लावता येतो. हात तसेच साबणाचे, आणि मी लॅपटॉपकडे. यात पाठीमागे जायची, म्हणजे चाल रद्द करायची, पूर्ण मुभा आहे आणि ती असायलाच हवी. आयजीआयने मधे सेव्ह करू दिलं नाही म्हणून धसका होता, तो त्या खेळाला शोभतो. कोड्यात धसका काय कामाचा? तिथे चूक करून बघणं हाच विचार आहे.

अंदाजपंचे मात्र नको. माइनस्वीपर मी त्यापायीच सोडला. सगळा पट तर्काने साफ करत आणायचा आणि शेवटी दोन चौकोन उरतात, एकात सुरुंग, कुठल्या ते कळायला कसलाच मार्ग नाही. छापा की काटा. इतका वेळ काय झक मारली मग? याउलट ‘रिटर्न ऑफ द ओब्रा डिन’ बघ, लुकास पोपचा, २०१८ चा. १८०७ सालचं एक जहाज रिकामं परत येतं, साठ माणसांचं काय झालं ते तू विम्याची निरीक्षक म्हणून शोधायचं. प्रत्येकाचं नाव आणि तो कसा गेला हे वहीत भरायचं, पण तीन जणांचं बरोबर भरल्याशिवाय वही ‘बरोबर’ म्हणत नाही. त्यामुळे ठोकून द्यायला वाव राहत नाही. खलाशांच्या झोपायच्या झोळ्यांवरच्या नंबरांकडे लक्ष दे, जास्त सांगत नाही.

म्हणजे माझ्या लेखी भेद हा आहे: नियम उघड ठेवून मग गाठ मारणारे गेम, आणि नियम दडवून किंवा नशिबावर सोडून आपल्याला पिदवणारे गेम. बंदूक असो की खोकं.

आता अर्णवबद्दल. तो खेळतो त्या बीजीएमआयमधलं (बॅटलग्राउंड्स मोबाइल इंडिया) वर्तुळ मला मनापासून आवडतं. शंभर जण उतरतात आणि सुरक्षित जागा आकसत जाते, कुठे आकसेल त्याचा अंदाज घेऊन आधीच घर पकडायचं. बाकीचा निम्मा वेळ घराघरांत सामान गोळा करण्यात जातो, तो मला कंटाळवाणा वाटतो, आणि चांगली बंदूक मिळणं हा नशिबाचा भाग. बंद करू नकोस, पण त्याला ‘पोर्टल’ आणून दे. २००७ चा आहे, जुन्या लॅपटॉपवरही चालतो. हातात बंदूक, पण तिच्यातून गोळी सुटत नाही. भिंतीत दार उघडतं. एक दार इथे, दुसरं तिथे, एकातून आत गेलं की दुसऱ्यातून बाहेर. खड्ड्याच्या तळाशी एक दार उघड, दुसरं समोरच्या भिंतीत उंचावर, आणि वरून उडी मार. पडण्याचा वेग तसाच राहतो, फक्त दिशा बदलते, आणि तू तोफेतून सुटल्यासारखी पलीकडे जातेस. दर खोलीत एकच नवी गोष्ट शिकवतात, तीही न सांगता. वरून एक यंत्रबाई केकचं आमिष दाखवत टोमणे मारत असते. काही विद्यार्थ्यांनी कॉलेजच्या प्रकल्पात ही दारांची कल्पना केली होती, ती पाहून ‘हाफ-लाइफ’वाल्या व्हॉल्व्हने सगळ्या चमूलाच नोकरीवर घेतलं. शूटर करणाऱ्या घरातूनच हे कोडं आलं, यात मला काहीच नवल वाटत नाही. दोन संध्याकाळींत संपतो, आणि त्याने उगाच लांबण लावली नाही याबद्दल मी त्याची कायमची ऋणी आहे.

तो संपला की ‘सुपरहॉट’ दे. त्यात तू हललीस तरच वेळ पुढे सरकतो; थांबलीस की गोळ्या हवेत लटकतात. तेव्हा तू स्वतः खेळ, अर्णवला शेजारी बसव. आणि उत्तर विचारायला मला फोन करायचा नाही. उचलणार नाही.

दिवाळीत येतेच आहे, तोवर ‘बाबा इज यू’चा पहिला भाग पार करून ठेव.

तुझी,
रेवती

ता. क. असे गेम बघितले की तुला गरगरतं, ते विसरले नाहीये. जिथे सेटिंगमध्ये ‘फील्ड ऑफ व्ह्यू’ (एका वेळी किती रुंद दृश्य दिसतं ते) असेल तिथे ते ९० च्या पुढे ने, चालताना डोकं हलल्यासारखं दाखवणारं ‘हेड बॉब’ बंद कर, आणि पडद्यापासून जरा लांब बस. विंडोजच्या माउस सेटिंगमधली ‘एन्हान्स पॉइंटर प्रिसिजन’ची खूणही काढून टाक (ती हाताच्या वेगानुसार बाण कमी-जास्त पळवते), नाहीतर अर्णवचा नेम कधी लागणार नाही आणि तो माउस बदलून मागेल.