शेतकऱ्याच्या वेशात ग्रुपमध्ये शिरणारे विक्रेते

प्रति,
मा. संपादक,
स. न. वि. वि.

आमच्या तालुक्यातल्या डाळिंब बागायतदारांचा एक व्हॉट्सॲप ग्रुप आहे. सहाशेच्या आसपास माणसे आहेत आणि चार ॲडमिनपैकी मी एक आहे. गेल्या वर्षी ऑगस्टमध्ये या ग्रुपवर जे घडले ते सगळ्या बागायतदारांपर्यंत पोचावे, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

जूनमध्ये एक नवा नंबर ग्रुपमध्ये आला. डीपीला ट्रॅक्टर, खाली लिहिलेले ‘४ एकर भगवा’, म्हणजे डाळिंबाचा भगवा वाण. रोज सकाळी रामराम, कुणाचा माल चांगल्या भावाने गेला की अभिनंदन, मधूनच ‘दादा, फळ सेट होताना कोणते खत सोडता?’ असा प्रश्न. दोन महिने या माणसाने काहीही विकले नाही. ऑगस्टमध्ये पावसाची झड लागली आणि बागांत तेल्या, म्हणजे फळांवर डाग पाडणारा रोग, दिसू लागला, तेव्हा दुसऱ्या एका नव्या नंबरने विचारले, ‘तेल्यावर कुणाकडे खात्रीचा उपाय आहे का?’ तिसऱ्याने सांगितले की आपण अमुक एक औषध मारले आणि सात दिवसांत डाग गेले. मग आमचे ट्रॅक्टरवाले दादा पुढे आले. ‘मी पण वापरतोय, आजच काढलेला फोटो बघा, मृग बहराची बाग आहे.’ फोटोत लालभडक, एकही डाग नसलेली फळे. त्याखाली फोन नंबर आणि भाव, लिटरला १,४५० रुपये.

तिघे मिळून एकच दुकान चालवत होते, हे आमच्यातल्या एका जुन्या बागायतदारांनी ओळखले. त्यांनी ग्रुपवर एवढेच लिहिले, ‘मृग धरलेल्या बागेत ऑगस्टमध्ये फळ लिंबाएवढे असते. हे पिकलेले लाल फळ आंबे बहराचे आहे. फोटो कुणाच्या बागेतला?’ (बहर म्हणजे झाडाला फूल-फळ आणण्याचा हंगाम. मृग पावसाळ्याच्या तोंडावर धरतात, आंबे त्याआधी, हिवाळ्याच्या शेवटी.) उत्तर आले नाही. रात्रीत तिन्ही नंबर ग्रुप सोडून गेले. पुढे शेजारच्या तालुक्यातल्या मित्राने सांगितले की त्यांच्याही ग्रुपवर हाच फोटो फिरला होता, फक्त तिथे मालक वेगळा होता.

पण हा प्रश्न विचारायला चार दिवस उशीर झाला होता. आमच्या शेजारच्या वस्तीवरच्या एका तरुण पोराने तोवर आठ लिटर मागवले होते. ११,६०० रुपये गेले. पैशांपेक्षा मोठे नुकसान दिवसांचे झाले. औषध येणारच आहे म्हणून त्याने ठरलेली बोर्डोची (मोरचूद आणि चुन्याच्या मिश्रणाची) फवारणी थांबवली, डागी फळे तोडून बागेबाहेर न्यायचे कामही पुढे ढकलले. तेल्या हा जिवाणूजन्य रोग आहे. पावसाच्या शिंतोड्यांनी, ओल्या हवेने आणि कात्रीनेही तो झाडावरून झाडावर जातो. एकदा फळावर डाग पडला की तो कोणत्याही फवारणीने पुसला जात नाही, तिथे पुढे फळ तडकते. आपल्या हातात असते ते न पसरू देणे. ज्या पंधरा दिवसांत ते करायचे, ते पंधरा दिवस त्याचे पार्सलची वाट बघण्यात गेले.

मी त्याच्या बांधावर गेलो तेव्हा त्याने डबा दाखवला. लेबलवर झाडाचे चित्र, ‘१०० टक्के सेंद्रिय’ आणि ‘तेल्याचा कायमचा बंदोबस्त’. रोगनाशकाच्या डब्यावर नोंदणी क्रमांक लागतो, उत्पादन परवान्याचा क्रमांक लागतो, विषारीपणा दाखवणारा रंगीत चौकोन लागतो. यातले काहीच नव्हते. आत काय आहे आणि किती टक्के आहे, हेही नव्हते. पोरगा म्हणाला, ‘काका, दुकानदाराने दिलं असतं तर मी दहा वेळा विचारलं असतं. आपल्याच ग्रुपवर होतं, म्हणून घेतलं.’

हे वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्येच सांगितले आहे की सदस्याने टाकलेल्या मजकुरासाठी ॲडमिनला, त्याचा त्यात हात नसेल तर, जबाबदार धरता येत नाही. कायद्याच्या दृष्टीने ते योग्यच आहे. पण त्या नंबरांना आत मीच घेतले होते, कोण कुठला हे न विचारता.

उघड जाहिरात टाकणाऱ्याचा त्रास असतो, पण धोका नसतो. ‘घरबसल्या कमवा’ असा मेसेज आला की आम्ही काढून टाकतो आणि विषय संपतो. वेश पालटून येणारा माणूस दुसरेच काहीतरी नेतो. सकाळी सहाला कुणी पानाचा फोटो टाकला की सव्वासहाला तीन जणांचे उत्तर येते, ‘हा तेल्या नाही, करपा आहे, घाबरू नका.’ हे उत्तर देणाऱ्याला त्यातून काही मिळायचे नसते, म्हणूनच त्याला किंमत असते. पिन होल बोरर या खोड पोखरणाऱ्या किडीने आणि झाड वाळवणाऱ्या मर रोगाने सांगोल्यातल्या बागाच्या बागा काढाव्या लागल्या, त्या दिवसांत याच ग्रुपने अनेकांना धीर दिला. तो विश्वास त्या तिघांनी १,४५० रुपये लिटरने विकला.

त्यानंतर घाबरून आम्ही एक चूक केली. फक्त ॲडमिननीच मेसेज टाकायचे अशी सेटिंग लावली. दहा दिवसांत ग्रुप मेल्यासारखा झाला. पानांचे फोटो येईनात, भाव कळेनात, शेवटी सेटिंग परत काढली. दुसरी चूक याहून वाईट होती. एका ताईंनी नव्या नंबरवरून औषधाबद्दल विचारले आणि दोघा-तिघांनी त्यांना ‘तुम्ही पण एजंट का?’ असे सुनावले. पतीच्या निधनानंतर त्या एकट्या दोन एकर बाग सांभाळतात. आम्ही घरी जाऊन माफी मागितली. फसवणाऱ्यांमुळे खऱ्या माणसावर संशय घ्यायची वेळ येते, हे नुकसान कुणी मोजत नाही.

आता नव्या माणसाला मंजुरीशिवाय आत येता येत नाही. ग्रुपमधल्या कुणीतरी त्याला ओळखले पाहिजे. कुणीच ओळखत नसेल तर ॲडमिन फोन करून बोलतो. कोणता बहर धरला, बहरासाठी मुद्दाम करायची पानगळ कशाने केली, छाटणी कधी झाली? बाग करणारा माणूस यावर अर्धा तास बोलतो, दुसऱ्याला दोन मिनिटांत घाम फुटतो. कृषी सेवा केंद्रवाल्यांना आम्ही बंदी घातलेली नाही. त्यांनी दुकानाच्या नावाने यावे आणि रविवारी आपला माल सांगावा. लपून आलेला मेसेज दिसला, तर तो काढण्याआधी नंबरासकट स्क्रीनशॉट ठेवतो, कारण मेसेज काढला की पुरावाही जातो.

हा पुरावा घेऊन आम्ही एका सरकारी कार्यालयात गेलो होतो. तिथे उत्तर मिळाले, ‘दुकानातून घेतले असते तर नमुना काढता आला असता.’ मला हे पटत नाही. रोग बरा करतो म्हणून विकलेले औषध १९६८ च्या कीटकनाशक कायद्याखाली नोंदलेले असले पाहिजे, मग ते दुकानात विकले काय नि फोनवर विकले काय. ‘औषध नाही, जैव उत्तेजक (पिकाची वाढ सुधारणारे द्रव्य) आहे’ असे म्हणून निसटायचीही सोय नाही. जैव उत्तेजके २०२१ मध्ये खत नियंत्रण आदेशात आणली गेली आणि त्या व्याख्येतून कीडनाशके स्पष्टपणे वगळलेली आहेत. म्हणजे जैव उत्तेजक म्हणून विकायचे असेल तर तेल्या घालवतो असे म्हणता येणार नाही. शिवाय दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींबद्दल २०२२ मध्ये केंद्राने जी मार्गदर्शक तत्त्वे काढली, त्यांनुसार मालाची भलामण करणाऱ्याचा विकणाऱ्याशी संबंध असेल तर तो उघड सांगावा लागतो. शेतकरीही ग्राहकच आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने बियाण्यांच्या खटल्यात २०१२ मध्ये मान्य केले आहे. त्या पोराने आता १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आहे.

कृषी विभागाला माझी विनंती आहे की गुणनियंत्रण निरीक्षकांना दुकानाच्या फळीपलीकडेही बघायला सांगावे. पार्सलने आलेला सीलबंद डबा, पैसे भरल्याचा पुरावा आणि मेसेजचा स्क्रीनशॉट घेऊन शेतकरी आला तर त्याची तक्रार लिहून घ्यावी. आमच्यासारखे ग्रुप गावोगावी आहेत. आम्ही ॲडमिन मंडळी फुकट पहारा करायला तयार आहोत, पण पकडलेला चोर नेऊन द्यायला ठिकाण हवे.

थोड्याच दिवसांत हस्त बहराची पानगळ सुरू होईल. बागायतदार औषधांची यादी याच दिवसांत करतो आणि असे मेसेजही याच दिवसांत येतात. त्याआधी प्रत्येक तालुक्यात ही तक्रार कोणत्या अधिकाऱ्याकडे, कोणत्या नंबरवर द्यायची, एवढे कृषी विभागाने जाहीर करावे आणि आपण ते पहिल्या पानावर छापावे.

आपला,
एक डाळिंब बागायतदार
ता. सांगोला, जि. सोलापूर