करवंटी पाठवतेय, दांडा मात्र विकतचा

तीर्थरूप आई-बाबांस,
सा. न. वि. वि.

हे सगळं फोनवरही सांगता आलं असतं. पण फोनवर बाबा दोनदा "बरं बरं" म्हणून फोन तुझ्याकडे देतात, आई, आणि तू "जेवलीस का" विचारतेस, की झालं बोलणं. म्हणून पत्र. मुद्दाम खोक्यात सगळ्यात वर ठेवलंय, म्हणजे आधी हे वाचून होईल आणि मग सामान निघेल.

सामान म्हणजे आमच्या घरचा कचराच. करवंटीच्या दोन साबणदाण्या, तीन घोसाळी, जीन्सच्या खिशांची एक टांगती पट्टी आणि कपडे धुण्याच्या लिक्विडचा कॅन कापून केलेला डबा. सगळं तुमच्या बाथरूमसाठी. आई, हसू नकोस. कॉलेजात असताना मैत्रिणी येणार म्हणून मोरीतला डालड्याचा डबा मी माळ्यावर लपवला होता आणि तू दिवसभर "माझा डबा कुठाय" करत फिरत होतीस, ते मीही विसरलेले नाही. आपल्या घरात काहीच टाकलं जात नाही याची तेव्हा मला लाज वाटायची. कॅलेंडरच्या पानांची वह्यांना कव्हरं, बाबांच्या बनियनची फडकी, आजीच्या लुगड्यांच्या गोधड्या आणि पिशव्यांनी भरलेली ती एक पिशवी. २०१८ मध्ये प्लास्टिकबंदी आली तेव्हा सगळी आळी कापडी पिशव्या शोधत होती आणि तू दारामागून सात काढून वाटल्या होत्यास.

आधी करवंटी, कारण तिच्यावर माझे तीन रविवार गेलेत. नारळ फोडला की डोळ्यांकडची वाटी घ्यायची. तीन डोळ्यांपैकी एक मऊ असतो, तिथे सुरीचं टोक फिरवलं तरी आरपार जातं. उरलेले दोन म्हणजे दगड, त्यांना ड्रिल लागलं. पण भोकांच्या जागा आयत्या मिळतात, पाणी तिथूनच निथळतं. बाहेरचा काथ्या जुन्या सुरीने खरवडला, मग ८० नंबरचा काचपेपर, मग १२०, शेवटी २२०. त्या शेवटच्या कागदाखालून जो चॉकलेटी रंग वर येतो ना, तो बघायला तरी एकदा करून बघा. वरून बोटभर खोबरेल.

पहिली करवंटी फुकट गेली. आतल्या कडेला खोबऱ्याचा पापुद्रा राहिला होता, चार दिवसांत खवट वास सुटला आणि वर पांढरी बुरशी धरली. आता आतूनही काचपेपर मारते. करवंटी गोल, त्यामुळे लवंडते. म्हणून खाली पाइपचं कडं दिलंय. प्लंबर दोन इंची पीव्हीसी पाइपचा वीतभर तुकडा टाकून गेला होता, त्याची अर्ध्या इंचाची चकती कापली की बैठक तयार. तुमच्याकडच्या त्या गुलाबी डबीत साबणाचा जो चिखल होतो आणि बाबा तो चमच्याने काढून हात धुवायच्या बाटलीत कालवतात, तो उद्योग आता बंद. (बाबांना वाईट वाटेल, माहितेय.)

घोसाळी आमच्या गच्चीवरची. पानांआड राहिली आणि जून झाली. तू इथे असतीस तर "वेळेवर काढली असती तर चांगली भजी झाली असती" हे मला आठवडाभर ऐकावं लागलं असतं. मी ती वेलीवरच वाळू दिली. हलवल्यावर बिया खुळखुळायला लागल्या की काढायची, साल आपोआप तडकते. बिया पुडीत बांधल्यात, मागच्या कुंपणाशी टाक. बाबांच्या घोसाळ्याला दोन्ही टोकांना जुन्या सॅकचे पट्टे शिवलेत, म्हणजे पाठ घासताना हात वाकडा करावा लागणार नाही. आंघोळ झाली की पिळून खिडकीत टांगायचं. बादलीत ओलं पडून राहिलं तर काळं पडेल आणि मग तू म्हणशील, नायलॉनचंच बरं होतं.

खिशांची पट्टी दारामागच्या खुंटीला. फणी, कात्री, पेस्ट, दाढीचं सामान, काय हवं ते घाला. बीपीच्या गोळ्या मात्र त्यात नकोत. तिथे वाफ असते, गोळ्या ओल धरतात. त्या देवघराशेजारच्या फडताळातच राहू देत.

कॅनच्या डब्याच्या बुडाला मी पाच भोकं पाडलीत. हा माझा आता नियमच झालाय: बाथरूममध्ये जे भांडं उभं राहील त्याला खाली भोक हवं, नाहीतर तळाशी पाणी साचून बुळबुळीत थर धरतो. बाबा, डबा उलटा करून बघा, त्रिकोणात २ आकडा दिसेल. पाण्याच्या बाटलीवर १ असतो, बऱ्याच झाकणांवर ५. २ वालं प्लास्टिक जाड आणि चिवट, कापल्यावर कडा घासल्या की हाताला लागत नाही. १ वाली बाटली कापली तर कड ब्लेडसारखी राहते. मी तिच्या नादाला लागत नाही.

सुरुवातीला मात्र मी भलतंच काहीतरी करत होते. मोबाइलवर बघून काचेच्या बारा बाटल्या रंगवल्या, त्यांना गरम गोंदाने सुतळी गुंडाळली, शंख-शिंपले चिकटवले. दिसायच्या छान. पावसाळ्यात सुतळीला बुरशी आली. एक बाटली ओल्या हातातून निसटून फुटली आणि आम्ही दोन दिवस चपला घालून आंघोळ केली. उरलेल्या अकरा मी कचरा न्यायला येणाऱ्या ताईंना दिल्या. त्यांनी एक बाटली फिरवून फिरवून बघितली आणि म्हणाल्या, "ताई, रिकामी काच दिली असती तर दोन पैसे आले असते. ही आता कोण घेणार?"

मला खरंच ओशाळल्यासारखं झालं. त्या 'स्वच्छ'च्या. पुण्यात कचरावेचकांची कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत १९९३ मध्ये उभी राहिली, त्यातूनच पुढे ही सहकारी संस्था झाली. नावातच बघा, कागद, काच, पत्रा. जे विकलं जातं त्यावर त्यांचं घर चालतं, आणि मी त्याच काचेवर रंग, गोंद आणि शिंपले थापून तिचा खरोखरीचा कचरा करून ठेवला होता. तेव्हापासून ज्याला भंगारात भाव आहे ते धुऊन, वाळवून जसंच्या तसं ताईंना देते. माझ्या हाताखाली येतं ते उरलेलं: करवंटी, विटलेल्या जीन्स, पाइपचे तुकडे. हा कॅन खरं तर त्यांचाच होता, विचारून घेतला.

हापूसच्या पेटीचंही सांगून टाकते, कारण बाबांनी दोन पेट्या माझ्यासाठी ठेवल्यात असं कळलं. ठेवू नका. मी एक भिंतीला लावून तिचं फडताळ केलं होतं. हलकं लाकूड ते, जुलैत फुगलं, खिळे गंजले आणि टॉवेलवर तांबडे डाग पडले. दोन हात व्हार्निश देऊनही टिकलं नाही, कारण मी फक्त पुढून दिलं होतं, फळ्यांच्या कापलेल्या तोंडांना नाही. पाणी तिथूनच पितं लाकूड. बाबांना हे मी सांगायचं म्हणजे कमालच आहे. आता ती पेटी बाहेर चपलांना आहे आणि सुखात आहे.

खिडकीतला मनीप्लांट पाठवता आला नाही. तुमच्याकडच्याच वेलाची फांदी पेराच्या खाली कापा आणि पेर पाण्यात बुडेल अशी ठेवा, मुळं फुटतात. पाणी दर आठवड्याला बदला, बाटली आतून घासून. डेंग्यूचा डास अशाच स्वच्छ पाण्यात अंडी घालतो आणि त्याला मोठं व्हायला आठ-दहा दिवस पुरतात. आणि भांडं काचेचं नको.

पायपुसणंही पाठवलेलं नाही, त्याचं कारण सांगते. बाबांच्या बारा बनियनचं केलं होतं. बनियनची पट्टी कापून ताणली की आपोआप गुंडाळून दोरी होते, त्या दोऱ्यांची तिपेडी वेणी घातली आणि ती वेणी चकलीसारखी फिरवत दाभणाने शिवली. इतकं सुरेख झालं की चिऊ त्याच्यावरच बसून अभ्यास करायची. ते मी बाथरूमच्या दाराशी टाकलं आणि तिसऱ्या दिवशी त्याच्यासकट घसरले. कोपर अजून दुखतं. खाली सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्या शिवून बघितल्या, तरी साबणाच्या पाण्यावर ते सरकतंच. मी घसरले तर कोपरावर भागलं. तुमच्या वयात तेवढ्यावर भागत नाही.

आता मुद्द्याचं.

बाबा, तुम्ही श्रावणात मोरीत पडलात. "पाय जरासा सरकला" असं तुम्ही मला सांगितलंत. आईने सांगितलं की नळ धरलात म्हणून वाचलात आणि नळ हातात आला. आई, तू सांगितलंस हे मी सांगायचं नव्हतं, पण आता सांगितलं. शहाबादी फरशी होती तोवर त्या मोरीत कुणी घसरल्याचं मला आठवत नाही. गुळगुळीत टाइल्स बसवल्या आणि हे सुरू झालं, आणि त्या बसवायचा हट्ट माझा होता. मला मोरी "बाथरूम"सारखी दिसायला हवी होती. ते मी विसरलेले नाही.

तुम्ही आता घरातल्या जुन्या जीआय पाइपचा दांडा करून लावणार आहात असं कळलं. तुम्हाला तो करता येईल यात मला शंका नाही. तीस वर्षं एसटीच्या वर्कशॉपमध्ये काढलेल्या माणसाला मी पाइप वाकवायला शिकवू का? माळ्याखालच्या फळीला बरण्यांची झाकणं स्क्रूने ठोकून त्यात नट-बोल्टच्या बरण्या उलट्या लटकवणारा माणूस माझा बाप आहे, आणि माझ्या आख्ख्या घरात तितकी अक्कल लावलेली एकही वस्तू नाही. पण तो पाइप ओल्या जागेत गंजेल, गंजलेल्या ठिकाणी हात कापेल, आणि ते सोडलं तरी प्रश्न पाइपचा नाहीच, भिंतीचा आहे. आपली भिंत मातीत रचलेल्या विटांची. त्यात प्लास्टिकचा प्लग ठोकून स्क्रू आवळला तर टॉवेलचं वजन पेलेल. पडता पडता माणूस धरतो तेव्हा त्याचं सगळं अंग त्या दोन स्क्रूवर येतं.

म्हणून मी स्टेनलेस स्टीलचे दोन दांडे विकत घेतलेत. सव्वा इंच जाडीचे, भिंतीपासून दीड इंच सुटे, म्हणजे मूठ नीट बसते आणि हात मागे अडकत नाही. शनिवारी घेऊन येते. एक कमोडशेजारी, एक आंघोळीच्या स्टुलाशी. शिवाय खाली पकड धरणारी रबराची जाळी, तीही विकतची. किती पैसे पडले ते विचारू नका.

बाबा, त्या मोरीच्या मागे परसाची बाजू आहे. बोल्ट भिंतीतून आरपार न्यायचा आणि मागून लोखंडी पट्टी टाकून नट आवळायचा, म्हणजे वजन आख्ख्या भिंतीवर वाटलं जाईल. बरोबर ना? तशा जाड पट्ट्या तुमच्या भंगाराच्या पेटीत आहेत, मी दिवाळीत बघितल्यात. चार कापून ठेवा, वीतभर लांब, रेड ऑक्साइड मारून. आणि भिंतीची जाडी गिलाव्यासकट मोजून मला कळवा, त्या मापाचे बोल्ट इथून आणते. मिस्त्री रविवारी सकाळी नऊला येतोय. तो आरपार भोक पाडायला कुरकुर करेल, तुम्ही उभे राहा.

आई, आता तुझी पाळी. फिनेल तू पाण्याच्या बाटलीत काढून ठेवतेस, निळी फुलं असलेल्या त्या बाटलीत. माझ्यासारखीच तुलाही चांगली बाटली टाकवत नाही, कळतं मला. पण बाबांचं एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन राहिलंय आणि ते रात्री दिवा न लावता पाणी पितात. फिनेल, ॲसिड, ब्लीच हे सगळं ज्याच्या त्याच्या मूळ बाटलीतच राहू दे. उरलंसुरलं एकत्र ओतूही नकोस. ॲसिड आणि ब्लीच एकमेकांत गेलं की क्लोरीन वायू निघतो आणि बंद बाथरूममध्ये जीव गुदमरतो. निळ्या फुलांची बाटली धुऊन मनीप्लांटलाही वापरू नकोस, तीन वेळा धुतली तरी वास जात नाही. ती भंगारात दे.

आणि आजीचं इरकली लुगडं तू मला "काप आणि कर काहीतरी" म्हणून दिलंस ते मी कापलेलं नाही. घडी मोडून उन्हात टाकलं आणि परत ठेवलं. ते कापायचं नसतं.

शनिवारी दुपारच्या गाडीने निघते, साडेचारपर्यंत साताऱ्यात. चिऊही येतेय. स्टँडवर यायला नको, रिक्षाने येईन. जेवायला थांबू नका, पण भाकरी ठेवा.

तुमची,
मनू

ता. क. बाबा, गुलाबी डबी टाकू नका. तिला बुडाला भोकं पाडून देते.