नागरिकत्वाची मुलाखत आणि महाराष्ट्रातले कागद

मा. संपादक,
स. न. वि. वि.

अमेरिकेच्या नागरिकत्वासाठी एन-४०० अर्ज भरला की बहुतेक जण मुलाखतीत विचारल्या जाणाऱ्या इतिहास आणि राज्यव्यवस्थेच्या प्रश्नांचे पाठांतर सुरू करतात. २० ऑक्टोबर २०२५ पासून भरलेल्या अर्जांसाठी ती चाचणी अवघड झाली आहे हे खरे. १२८ प्रश्नांच्या यादीतून २० विचारतात आणि १२ बरोबर यावे लागतात. पण तिथे नापास झालात तर ६० ते ९० दिवसांत दुसरी संधी मिळते. कागद अडला, तर पुरावा मागणारे पत्र हाती येते आणि तो कागद महाराष्ट्रातल्या एखाद्या पालिकेतून आणताना घरच्यांची दमछाक होते. म्हणून मुलाखतीची तयारी अर्ज भरण्याआधी, आणि बरीचशी महाराष्ट्रातच करायला हवी.

सर्वांत जास्त घोळ नावाचा. लग्नात मुलीचे पहिले नावही बदलण्याची आपली रीत. शाळेच्या दाखल्यावर वैशाली दत्तात्रय, पासपोर्टवर वैदेही मिलिंद, आणि विवाह नोंदणीच्या दाखल्यावर फक्त माहेरचे नाव. या दोन नावांची बाई एकच, हे सांगणारा कागद बहुधा राजपत्र हाच असतो. नावबदल राजपत्रात छापून आणला नसेल, तर ते काम आधी करा. अर्जात ‘वापरलेली इतर नावे’ विचारतात, तिथे माहेरचे नाव, वडिलांचे नाव मधे असलेले नाव, जुन्या पासपोर्टवरचे वेगळे स्पेलिंग, सगळे लिहावे. विवाह नोंदणीच झाली नसेल, तर उशिरानेही करता येते. नवरा-बायको दोघांना साक्षीदारांसह हजर राहावे लागते, तेव्हा भारतभेटीतले दिवस त्यासाठी राखून ठेवावेत.

दुसरा घोळ तारखांचा. अर्जाआधीच्या पाच वर्षांतल्या प्रत्येक परदेश प्रवासाची अमेरिका सोडल्याची आणि परतल्याची तारीख द्यायची असते. हाताशी असतो मुंबईचा शिक्का, आणि तो एक दिवस पुढचा असतो. नेवार्कहून ३ तारखेला निघालेला माणूस मुंबईत ४ तारखेला उतरतो, अर्जात मात्र ३ हवी. शिवाय आपला शिक्का दिवस-महिना असा, त्यांचा अर्ज महिना-दिवस असा. ०५/०६ लिहिताना ५ जूनचा ६ मे होतो. तिकिटे किंवा विमान कंपनीचे ईमेल समोर ठेवून यादी करा आणि कोपरा कापलेले जुने पासपोर्ट जपून ठेवा. मुलाखतीला चालू आणि जुने, सगळे पासपोर्ट न्यायचे असतात.

ग्रीन कार्डावर आलेल्या आई-वडिलांनी हे विशेष लक्षात घ्यावे. ‘सहा महिने इथे, सहा महिने पुण्यात’ हा हिशेब घातक आहे. एक फेरी सहा महिन्यांच्या वर गेली की नागरिकत्वासाठी लागणारे अमेरिकेतले सलग वास्तव्य तुटले असे गृहीत धरतात आणि ते तुटले नाही हे अर्जदाराला सिद्ध करावे लागते. वर्षभर बाहेर राहिले, तर ते तुटतेच. शिवाय पाच वर्षांतले निदान ३० महिने प्रत्यक्ष अमेरिकेत काढलेले हवेत. भारतातल्या मुदत ठेवींवरचे व्याज, भाडे, पेन्शन हेही अमेरिकेच्या विवरणपत्रात दाखवायचे असते. एनआरई (अनिवासी भारतीयांच्या खात्यातल्या) ठेवीचे व्याज भारतात करमुक्त म्हणून तिकडेही करमुक्त, हा गैरसमज फार पसरलेला आहे. मुलाखतीसाठी करविवरणाचा अधिकृत उतारा तिथल्या कर खात्याकडून विनाशुल्क मिळतो.

दिलासाही आहे. अर्ज भरताना वय ५० आणि ग्रीन कार्डाला २० वर्षे, किंवा वय ५५ आणि १५ वर्षे झाली असतील, तर इंग्रजीची परीक्षा माफ होते आणि चाचणी मराठीतून देता येते. दुभाष्या आपणच न्यायचा, त्याचे ओळखपत्र लागते. ६५ वर्षांच्या किंवा त्यावरच्या आणि २० वर्षे ग्रीन कार्ड असलेल्यांना पाठांतरही थोडेच असते.

मराठी दाखल्याचे इंग्रजी भाषांतर संपूर्ण हवे. गोल शिक्क्यातला मजकूर, मागच्या बाजूची हस्ताक्षरातली नोंद, ‘दुरुस्ती केली’ असा शेरा, काहीही वगळू नये. भाषांतर पूर्ण आणि अचूक आहे व आपल्याला दोन्ही भाषा येतात, असे भाषांतरकाराने सहीनिशी लिहून द्यायचे असते. नोटरीची गरज नाही, तिथे पैसे घालवू नका.

पालिका आणि ग्रामपंचायतींना एक विनंती. जुन्या जन्म-विवाह नोंदींची प्रत मागितली, की ती मराठी आणि इंग्रजी अशा दोन्ही भाषांत, नावाचे स्पेलिंग अर्जदाराकडून तपासून घेऊनच द्यावी. चुकीच्या स्पेलिंगचा दाखला दुरुस्त करून घ्यायला परदेशातल्या माणसाला पुन्हा कोणाला तरी कार्यालयात पाठवावे लागते, आणि अनेकदा ते काम सत्तरीच्या आई-वडिलांवरच येते.

— अर्ज भरायला मदत करणारे काही मराठी स्वयंसेवक, न्यू जर्सी