‘बेस्ट ऑफ’ म्हणजे आळशी लोकांचा माल नव्हे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मागच्या रविवारच्या पुरवणीत जुन्या रॉक बँडवरचा लेख वाचला, मजा आली, पण एक वाक्य दोन दिवस डोक्यातून जाईना म्हणून हे पत्र. लेखकाने बझकॉक्स या इंग्लंडच्या पंक (वेगवान, दणदणाटी रॉक) बँडला अर्ध्या ओळीत उरकलंय आणि वर म्हटलंय की त्यांचा ‘सिंगल्स गोइंग स्टेडी’ हा अल्बम म्हणजे शेवटी ग्रेटेस्ट हिट्सच, ज्यांना बँड नीट ऐकायचा कंटाळा येतो त्यांच्यासाठी. अहो, असं कसं?

त्या काळी इंग्लंडमध्ये सिंगल ही वेगळीच चीज होती. छोटी तबकडी, पुढे एक गाणं, मागे एक, आणि पुष्कळ बँड ती गाणी एलपीवर, म्हणजे मोठ्या तबकडीवर, घ्यायचेच नाहीत, ज्याने सिंगल विकत घेतलाय त्याच्याकडून त्याच गाण्याचे दुसऱ्यांदा पैसे कशाला घ्यायचे म्हणून. बझकॉक्सचे १९७७ च्या शेवटापासून १९७९ पर्यंत असे आठ सिंगल आले. अमेरिकेत त्यांना कोणी फारसं ओळखत नव्हतं म्हणून सप्टेंबर १९७९ मध्ये आयआरएस या रेकॉर्ड कंपनीने आठही एकत्र करून तिकडे काढले, इंग्लंडमध्ये तो अल्बम आला थेट १९८१ मध्ये. सोळा गाणी, त्यातली चार सोडली तर बाकीची त्यांच्या एलपीवर सापडत नाहीत. मग कंटाळा आलेल्यांनी नक्की काय टाळलं म्हणे?

आणि मांडणी बघा ना. एका बाजूला आठ पुढची गाणी, दुसऱ्या बाजूला आठ मागची, दोन्ही ज्या क्रमाने निघाली त्याच क्रमाने. पहिली बाजू वीस मिनिटांत खलास, एकेक गाणं दोन-तीन मिनिटांचं, चाल अशी की भाजी निवडतानासुद्धा गुणगुणावी (पहिल्या गाण्याचं नाव मात्र आपल्या पेपरात छापता येणार नाही, बीबीसीनेही ते वाजवलं नव्हतं). दुसऱ्या बाजूवर हळूहळू पोरं भरकटायला लागतात, शेवटून दुसरं गाणं तर सहा मिनिटांच्या वर जातं, पंकवाले म्हणजे घाईघाईत आरडाओरडा एवढंच ज्यांना वाटतं त्यांनी ते एकदा ऐकावं. दोन वर्षांत बँड कुठून कुठे गेला ते नुसतं क्रमाने ऐकून कळतं, कुणी समजावून सांगायला नको.

माझ्याकडे हे आलं मावसभावामुळे, नव्वदच्या दशकात, साठ मिनिटांच्या कॅसेटवर. त्याने मावशीची भावगीतांची कॅसेट न विचारता वापरली होती. पहिल्या बाजूला वीस मिनिटं बझकॉक्स, मग खर्रर्र, आणि लगेच अर्ध्या कडव्यातून भावगीत सुरू. मावशीने त्याला काय ऐकवलं ते इथे लिहीत नाही. पण अजूनही फोनवर आठवं गाणं संपलं की माझे कान पुढच्या पेटीच्या सुरांची वाट बघतात.

बँडचा गायक आणि गीतकार पीट शेली, त्याच्या शब्दांबद्दल तर लेखात अवाक्षर नाही. गाणी बरीचशी प्रेमाचीच, तीही फसलेल्या, पण समोरचा माणूस ‘तो’ की ‘ती’ हे गडी मुद्दाम कळू देत नाही, नुसतं ‘यू’. इंग्रजीत जमून जातं ते. मी एकदा ‘एव्हर फॉलन इन लव्ह’चं मराठी करायला बसलो, तेच १९७८ मध्ये तिकडच्या खपाच्या यादीत १२ व्या नंबरला गेलेलं, आणि नावातच अडकलो. ‘प्रेमात पडलायस’ लिहू की ‘पडली आहेस’? आपलं क्रियापद लगेच चुगली करतं हो. चार दिवस कागद तसाच पडून होता, शेवटी बायकोने त्यावर वाण्याची यादी लिहिली. तेव्हापासून शेली सोपं लिहितो असं कोणी म्हटलं की मी गप्प बसत नाही.

शेली २०१८ च्या डिसेंबरमध्ये गेला. तेव्हा आपल्या पेपरात बातमी आलेली मला तरी दिसली नाही, असो.

एक दुरुस्ती मात्र जरूर छापा. लेखात बझकॉक्सना ‘लंडनचा बँड’ म्हटलंय. ते बोल्टनच्या कॉलेजात जमले आणि मँचेस्टरचे म्हणून ओळखले गेले. १९७७ च्या जानेवारीत पहिली चार गाणी त्यांनी उसन्या पैशांवर स्वतःच रेकॉर्ड करून स्वतःच्याच लेबलवर काढली, लंडनच्या कंपनीकडे न जाता. मी ठाण्याच्या चरईत वाढलो, आणि नेरुळच्या कार्यक्रमांच्या बातम्यासुद्धा ‘मुंबईत’ म्हणून छापून येतात तेव्हा ठाणे-नवी मुंबईवाल्यांना कसं वाटतं ते आपल्याला सांगायला नको.

आपला,
एक जुना वाचक, चरई, ठाणे