खिडकी क्रमांक 3 वरच्या ताईंना

ताई,

स. न. वि. वि.

तुमचं नाव मुद्दामच लिहीत नाही. "माझं नाव कुठं घेऊ नका बापा, माझं काम फाइल पुढे पाठवायचं आहे, सल्ले द्यायचं नाही," असं तुम्हीच बजावलं होतं. दवाखान्याचंही नाव टाळते. नागपूरच्या धंतोलीत दर दहा पावलांवर एक दवाखाना आहे, त्यामुळे तुम्ही सापडायच्या नाहीत. पण आभार मात्र चारचौघांत मानायचे आहेत. कारण तुम्ही जे केलंत ते आमच्यापुरतं ठेवलं, तर पुन्हा लपवाछपवीच होईल.

खरं सांगू? पहिल्या दिवशी तुम्ही मला खडूस वाटलात. मे महिना, बाहेर ऊन नुसतं भाजून काढतंय, इन्शुरन्सच्या खिडकीपुढे रांग आणि माझा नंबर शेवटून दुसरा. तुम्ही मान वर न करता विचारलंत, "पेशंटला काय आहे?" मी खिडकीच्या भोकाला तोंड लावून हळूच म्हटलं, "डोक्याचं." तुम्ही म्हणालात, "डोक्याचं म्हणजे? मार लागला का?" मागच्या काकांनी माझ्याकडे पाहिलं. मी गप्प. मग तुम्ही फाइल उघडलीत, एका ओळीवर बोट ठेवलंत आणि आवाज खाली आणून म्हणालात, "डिप्रेशन म्हणा ना. इथं आजाराचा कोड एफ 32.2 लिहिला आहे. शुगरचा पेशंट ई 11 घेऊन येतो, तुम्ही एफ 32 घेऊन आल्या. दोन्ही फाइली एकाच ट्रेमध्ये जातात."

त्या ट्रेकडे मी किती वेळ बघत होते, ते तुम्हाला माहीत नसेल. निळा प्लास्टिकचा, कोपरा तुटलेला.

त्याआधीचे सहा महिने आमच्या घरात या आजाराला नावच नव्हतं. दिवाळीपासून यांची झोप गेली. बुटीबोरीच्या कंपनीत सुपरवायझर असलेला माणूस, शिफ्टचा पक्का. तो पहाटे 3 वाजता ओट्यापाशी नुसता उभा असायचा. आम्ही थायरॉइड केलं, बी-12 केलं, पोटाची सोनोग्राफी केली. सासूबाईंनी दृष्ट काढली. सगळे रिपोर्ट नॉर्मल आणि माणूस रोज थोडा थोडा कमी. मला खरा धक्का बसला तो कूलरने. आमच्याकडे होळी झाली की हे कूलर बाहेर काढतात, जुनं गवत फेकतात, पंपाला तेलपाणी करतात, टाकी घासतात. कुणाला हात लावू देत नाहीत. यंदा एप्रिल अर्धा गेला तरी कूलर गच्चीवर ताडपत्रीखालीच. मी म्हटलं, "काढायचा नाही का?" तर म्हणाले, "तूच सांग कुणाला तरी." त्या रात्री मी ठरवलं की आता मानसोपचारतज्ज्ञाकडे जायचंच.

आता नागपुरात वाढलेल्या माणसाला हे ठरवणं किती जड जातं, ते तुम्हाला वेगळं सांगायला नको. 1864 पासून चालत आलेलं प्रादेशिक मनोरुग्णालय आपल्या गावात, आणि शाळेत आम्ही एकमेकांना चिडवायचो ते त्याच्याच नावानं. चांगल्या उपचारांची जागा आम्ही शिवीसारखी वापरली. ती शिवी फिरून आमच्याच दारात येऊन उभी राहिली.

नऊ दिवस भरती. बिल 78 हजार 400. आणि तिसऱ्याच दिवशी कंपनीचं उत्तर आलं: कॅशलेस (म्हणजे कंपनीने बिल थेट दवाखान्याला भरणं) नामंजूर, मानसिक आजार पॉलिसीत वगळलेला आहे. पॉलिसी 2018 ची, फॅमिली फ्लोटर, म्हणजे सगळ्या घराची मिळून एक, 5 लाखांची. एकही हप्ता चुकलेला नाही. मी स्वतः पतसंस्थेत कर्जाच्या फाइली तपासते, कागदाला भिणारी बाई नाही. तरी ते दोन ओळींचं पत्र वाचून मला वाटलं, बरोबरच असेल; पुस्तिकेत तसं छापलंच आहे.

त्याच संध्याकाळी ज्यांनी पॉलिसी काढून दिली ते भाऊ आले. माणूस मनाने वाईट नाही. यांच्या मावसभावाचे मित्र, लग्नाकार्यात धावून येणारे. त्यांनी मला बाजूला घेतलं. "वहिनी, काहून टेन्शन घेता? डॉक्टरले म्हणा, डिस्चार्ज कार्डावर अशक्तपणा नाहीतर पोटाचं इन्फेक्शन लिहून द्या. क्लेम बी पास होते अन् पोराच्या लग्नाच्या वेळी कोणी बोट बी दाखवत नाही." पोरगा आमचा आठवीत आहे. पण तेव्हा ते बोलणं मला शहाणपणाचं वाटलं, हे मी कबूल करते. दुसऱ्या दिवशी तुमच्याकडे आले ती तेच विचारायला.

तुम्ही लगेच उत्तर दिलं नाहीत. दुपारी अडीचला तुमचा डबा उघडला होता, तो झाकलात आणि मला बाहेर चहाच्या टपरीवर घेऊन गेलात. तिथे जे बोललात ते मी घरी जाऊन पतसंस्थेच्या डायरीत उतरवून ठेवलं. डायरी समोर ठेवूनच हे लिहिते आहे.

"आज पोटाचं लिहाल. गोळ्या मात्र डिप्रेशनच्या चालू आहेत, त्या बिलावर दिसणारच. खोटा क्लेम म्हणून पॉलिसीच रद्द करतील. आणि देव न करो, पुन्हा भरती करावं लागलं तर पोटाचा कागद घेऊन कुठे जाल?" एवढं बोलून तुम्ही चहा अर्धा सोडून उठलात. आत येऊन मला म्हणालात, "पहिली पुस्तिका नको, यंदाच्या नूतनीकरणाचा कागद आणा."

मग मला कळलं की मी पतसंस्थेत इतकी वर्षं कागद तपासले, पण आमच्या घरच्या कपाटातला कागद मात्र कधीच उलटून पाहिला नव्हता. मानसिक आरोग्यसेवा कायदा 2017 मध्ये झाला आणि 29 मे 2018 पासून लागू झाला. त्याच्या कलम 21 च्या पोटकलम 4 मध्ये सरळ लिहिलेलं आहे की, शारीरिक आजाराला ज्या आधारावर विमा मिळतो, त्याच आधारावर मानसिक आजाराच्या उपचारालाही प्रत्येक विमा कंपनीने तरतूद केली पाहिजे. विमा नियामकाने त्याच वर्षी ऑगस्टमध्ये कंपन्यांना तसं कळवलं. तरी काही पॉलिसी जुन्याच चालल्या, तेव्हा ऑक्टोबर 2022 मध्ये पुन्हा परिपत्रक काढून 31 ऑक्टोबरपर्यंत सगळ्या पॉलिसी कायद्याप्रमाणे करा असं बजावलं. मधल्या काळात, 2021 साली, दिल्ली उच्च न्यायालयाने एका बाईंच्या बाजूने निकाल दिला होता. विमा काही लाखांचा, पण मानसिक आजाराला 50 हजारांचीच मर्यादा घातलेली. म्हणजे आमच्या पुस्तिकेतली ती ओळ केव्हाच मेली होती. कंपनीतल्या कुणीतरी ती तशीच उचलून आम्हाला चिकटवली, आणि मी ती खरी मानून बसले होते.

अर्ज तुम्ही लिहून दिला नाहीत. "तुमच्या हातानं लिहा, कर्ज बुडवणाऱ्याला नोटीस लिहिता तशी," असं म्हणालात. (तेव्हा राग आला होता. आज त्याचेच सगळ्यात जास्त आभार.) मी लिहिलं: नामंजुरीचं पत्र अमुक तारखेचं, कारण अमुक, कायद्याचं कलम हे, परिपत्रक हे, आमचा विमा सलग चालू आहे तो असा. तुम्ही त्यातली रडगाण्याची दोन वाक्यं खोडलीत आणि शेवटी एक घातलंत: मंजूर करत नसाल तर पॉलिसीच्या कोणत्या कलमाखाली, ते लेखी कळवावे. अर्ज कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला ईमेलने पाठवायचा आणि त्याची नोंद विमा नियामकाच्या विमा भरोसा या तक्रार पोर्टलवर करायची. महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा पुन्हा नकारच आला, तर विमा लोकपालाकडे, म्हणजे विम्याच्या तक्रारी निकाली काढणाऱ्या अधिकाऱ्याकडे, जायचं. तिथे फी लागत नाही, वकील लागत नाही, फक्त नकारानंतर वर्षाच्या आत जावं लागतं. ही पुढची पायरी माहीत होती म्हणूनच मला त्या महिन्यात रात्री झोप लागली.

तुम्हाला आठवतं का, कंपनीने मध्येच एक पाचर मारली होती? भरतीच्या रात्री ड्युटीवरच्या डॉक्टरांनी विचारलं, दारू घेता का, आणि हे प्रामाणिकपणे म्हणाले, लग्नाबिग्नात कधीमधी. ते कागदावर गेलं. कंपनीने विचारलं की आजार दारूमुळे तर नाही? व्यसनाचा उपचार पॉलिसीतून वगळलेला असतो, हे मला तोवर ठाऊक नव्हतं. मी घाबरून गेले. तुम्ही मात्र शांतपणे डॉक्टरांकडून चार ओळींचं प्रमाणपत्र आणवलंत, की हा आजार स्वतंत्र आहे, व्यसनाची लक्षणं नाहीत. डॉक्टर राउंडवर होते, तुम्ही जिन्यात गाठलंत त्यांना. आम्ही दोघी भिंतीला टेकून उभ्या होतो आणि तुमच्या चपलेचा अंगठा तुटलेला होता, तो तुम्ही सेफ्टी पिन लावून चालवत होता.

जुलैमध्ये पैसे आले. 71 हजार 950. कापलेले 6 हजार 450 हातमोजे, फाइल चार्ज आणि माझ्या जेवणाचे होते. दवाखान्यातली ती पातळ भाजी इतकी महाग होती, हे तेव्हा कळलं. भरतीच्या वेळी माझी आरडी मोडून बिल भरलं होतं, ती पुन्हा सुरू केली. आणखी 5 हजार 260 नंतर मिळाले, तेही तुमच्यामुळेच: आमच्या पॉलिसीत डिस्चार्जनंतरच्या 60 दिवसांची औषधं आणि तपासण्या बसतात, म्हणून तुम्ही सांगितलं होतं की प्रत्येक बिलाला त्याच तारखेची चिठ्ठी टाचून ठेवा. मी पतसंस्थेतल्यासारखी टाचणी मारून ठेवली.

सगळंच बसलं असं मात्र नाही, आणि त्याबद्दलही तुम्ही आधीच खरं बोललात. आमच्या पॉलिसीत ओपीडी नाही. 24 तासांची भरती झाली तरच ती कामी येते. समुपदेशनाचे पैसे आम्ही खिशातूनच भरतो, दर आठवड्याला. मला हे अन्यायाचं वाटतं. कायदा म्हणतो दोन्ही आजार सारखे, पण या आजाराचा मोठा भाग खुर्चीवर बसून बोलण्याने बरा होतो, खाटेवर नाही. तुम्ही खांदे उडवलेत आणि म्हणालात, "त्यासाठी वेगळं ओपीडीचं कलम असलेली पॉलिसी बघा. आणि जिथे जाल तिथे आरसीआयचा नोंदणी नंबर विचारा, नुसत्या पाटीवर जाऊ नका." क्लिनिकल सायकॉलॉजिस्टला भारतीय पुनर्वास परिषदेची, म्हणजेच आरसीआयची, नोंदणी लागते, हेही तेव्हाच कळलं. पैसे फारच ओढले गेले तर मेडिकलची, म्हणजे सरकारी मेडिकल कॉलेजची, ओपीडी आहे, आणि रात्री-बेरात्री जीव घाबरला तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 नंबर फुकट लागतो, हे तुम्ही माझ्या डायरीत स्वतःच्या हाताने लिहिलंत. तो नंबर मी ऑगस्टमध्ये एकदा लावला. यांच्यासाठी नाही, माझ्यासाठी. पलीकडच्या मुलीने मराठीत 20 मिनिटं ऐकून घेतलं.

आता हे कसे आहेत ते सांगते, कारण तुम्ही दर वेळी ते विचारायला विसरायच्या नाहीत. गोळी रात्रीची एकच राहिली आहे. शिफ्ट पुन्हा सुरू झाली, सध्या फक्त दिवसाची. कधी कधी अजून ओट्यापाशी उभे दिसतात, पण आता चहा टाकलेला असतो. ऑक्टोबरमध्ये पॉलिसीचं नूतनीकरण होतं आणि आम्ही विम्याची रक्कम वाढवून घ्यायचं ठरवलं, तेव्हा फॉर्ममध्ये आजारांचा रकाना आला. भाऊ म्हणाले, "कोरा सोडा." हे म्हणाले, "एफ बत्तीस ना गं?" आणि स्वतःच्या अक्षरात डिप्रेशन, मे 2025, असं लिहिलं. सासूबाईंनी विचारलं, हे इंग्रजी काय लिहिलं. यांनी सांगितलं. त्या म्हणाल्या, "बरं," आणि वांगी चिरायला लागल्या.

एक कबुली राहिली. तुमच्या खिडकीला सुतळीने बांधलेला निळा पेन असायचा. शेवटच्या दिवशी सही करताना सुतळी तुटली आणि तो माझ्या पिशवीत आला. घरी आल्यावर लक्षात आलं की रिफिल संपत आली आहे. परवा यांनी बर्डीवरून नवी रिफिल आणून घातली, टोपण सैल झालं होतं तेही नीट बसवलं. शनिवारी पेन घेऊन आम्ही दोघं येतो. सुतळी आमच्याकडे आहे.

तुमची,
मागच्या मे महिन्यातली शेवटून दुसरी